कात्राबाईची खिंड वगळू नकोस

सावेडी, अहिल्यानगर
मार्गशीर्ष

चि. सोनूस,



तू पाठवलेलं ट्रेकचं वेळापत्रक वाचलं. मंडळाच्या पोरापोरींना घेऊन कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड एका दमात करायचे, आणि पुढारपण तुझ्याकडे, हे कळल्यापासून तुझी मामी येईल-जाईल त्याला सांगत सुटली आहे. मलाही अभिमान वाटतो. पण तिसऱ्या दिवसापुढे तू लिहिलंयस, "रतनवाडी ते पाचनई, राजूरमार्गे जीप. मधे बघण्यासारखं काही नाही." हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

मधे कात्राबाईची खिंड आहे. मधे कुमशेत आहे. आणि मधे मुळा नदी जन्माला येते. तुम्ही सगळी नगर शहरातली पोरं. नळाला येतं ते पाणी मुळा धरणाचं, म्हणजे राहुरीजवळच्या बारागाव नांदूरच्या ज्ञानेश्वर सागराचं. ते कुठून येतं हे पायांनी जाऊन पाहण्याची संधी चालून आली असताना तुम्ही नेमक्या त्याच डोंगराला जीपनं वळसा घालणार?

नकाशा उघडून बस. कुलंग आणि रतनगड यांच्या मधल्या उतारांवरून प्रवरा निघते. रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या मधल्या उतारांवरून मुळा निघते. या दोन्ही खोऱ्यांच्या मधला डोंगर ओलांडायची वाट म्हणजे कात्राबाईची खिंड. खिंडीच्या अलीकडे पडलेला पाऊस रतनवाडीवरून भंडारदऱ्यात जातो, पलीकडे पडलेला मुळेला मिळतो. नंतर या दोघी सबंध जिल्हा ओलांडून नेवासे तालुक्यात एकमेकींना भेटतात आणि प्रवरासंगमला गोदावरीत जातात. खिंडीत उभं राहून हे सगळ्यांना सांग. शाळेतल्या भूगोलाच्या तासाला जे डोक्यात शिरलं नाही, ते तिथं पाच मिनिटांत शिरेल, कारण दोन्ही बाजूंचा उतार डोळ्यांसमोर असेल आणि चढून आल्यामुळे पोटऱ्यांना तो चांगला ठाऊक झालेला असेल.

भंडारदऱ्याचं धरण १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. सुमारे अकरा टीएमसी पाणी. त्याच्या कालव्यांवर खालच्या भागात ऊस उभा राहिला आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, आशियातला पहिला. आपल्या जिल्ह्याचं राजकारण, शिक्षणसंस्था, दूधसंघ, सगळ्याच्या मुळाशी हे पाणी आहे. पुढे निळवंडे धरण. त्याला मंजुरी १९७० सालची आणि कालव्यातून पाणी वाहिलं ते २०२३ साली. दुष्काळी गावांतल्या माणसांनी सारी उमेद त्याची वाट पाहण्यात घालवली.

आता दुसरी बाजू बघ. घाटघर-रतनवाडीला जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. जून लागला की आंबीतचं छोटं धरण भरून वाहायला लागतं आणि वर्तमानपत्रांत बातमी येते, मुळा वाहती झाली. खाली राहुरीपर्यंतचे लोक त्या बातमीकडे डोळे लावून बसलेले असतात. पण त्याच डोंगरातल्या कितीतरी वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन झऱ्याकाठी ताटकळतात. कातळावर पाणी थांबत नाही, उतारानं निघून जातं, आणि ते अडवायची सोय केली गेली ती खाली, खालच्यांसाठी. पाथर्डी-जामखेडची तहान आपल्याला ठाऊक आहे, कारण तिथं पाऊसच कमी. भरपूर पाऊस पडून मागे उरणारी तहान आपल्या बोलण्यात येत नाही. मला हे मनापासून लागतं. तुमच्यातली दोन पोरं इंजिनिअरिंगला आहेत, एक मुलगी पत्रकारिता शिकते आहे. त्यांनी हे बघितलंच पाहिजे, आणि जीपच्या काचेतून ते दिसत नाही.

म्हणून कुमशेतला मुक्काम टाक. एक दिवस वाढेल, वाढू दे. गावात बहुतेक घरं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. एखाद्या घरी आधी फोन करून सांगितलं तर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा मिळेल. ठरतील ते पैसे द्यायचे आणि घासाघीस करायची नाही, हे मंडळाला निघण्याआधीच बजाव. रात्री शेकोटीभोवती मोबाईलवर गाणी लावण्याऐवजी घरातल्या आजीला बोलतं करा. भाताचा राब कसा भाजतात, वरई कुठल्या उतारावर पेरतात, बाळहिरडा कधी गोळा करतात आणि त्याला भाव काय मिळतो, हे विचारा. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं म्हणून त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांच्यासारखं जाणतेपण या वाड्यांवर अजून घराघरांत सापडतं.

आणि राघोजी भांगरे यांच्याबद्दल विचारायला विसरू नका. देवगावचा हा माणूस इंग्रजांविरुद्ध याच डोंगरांच्या जिवावर लढला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. भंडारदऱ्याच्या जलाशयाला आता त्यांचं नाव आहे. ते कसे लढले असतील याचा अंदाज पुस्तकानं येत नाही. त्या खिंडी आणि घळी एकदा ओझं घेऊन चढून बघाव्या लागतात.

आता थोडं कामाचं. रतनवाडीहून वाटाड्या घ्याच. अमृतेश्वराच्या मंदिराकडून जंगलात शिरलात की पुढे वाट फुटते, एक रतनगडाच्या शिड्यांकडे, दुसरी कात्राबाईकडे. त्यापुढे ढोरवाटा इतक्या की अनुभवी माणूसही चकतो. या दिवसांत गवत कमरेएवढं वाढून सुकलेलं असतं, त्यात वाट बुडते आणि त्यावरून पायही घसरतो. मोबाईलमधला नकाशा असू दे, पण भरवसा माणसावर ठेव. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे घाल, सर्वांत दमदार पोरगा शेवटी, आणि त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. सॅक घरीच भरून पाठीवर घेऊन जिना चढायला लाव, निम्मं सामान आपोआप बाहेर येईल. पाणी माणशी तीन लिटर. सेंट, अत्तर कोणी लावू नये, कड्यांना आग्या मोहोळं असतात, आणि त्यांच्या खाली धूर तर मुळीच नको. उन्हं कलायच्या आत कुमशेतला पोचायचं. अंधार पडला तर हट्टानं पुढे जाऊ नका.

बिबट्याची भीती तुझ्या आईला वाटते, तिला ही गोष्ट सांग. २००९ साली आपल्या पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला होता. विद्या अत्रेय यांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलापर्यंत पोचला, आणि वाटेत त्यानं एकाही माणसावर हल्ला केला नाही. 'आजोबा' म्हणून पुढे त्याच्यावर सिनेमाही निघाला. तुम्ही चालणार आहात तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग, १९८६ पासूनचा. घर बिबट्यांचं आहे. एकत्र राहा, आवाज कमी ठेवा, रात्री एकट्यानं बाहेर पडू नका, एवढं पुरे.

हरिश्चंद्रगडाबद्दल मी काय सांगू, ते तू वाचलेलं आहेसच. केदारेश्वराच्या गुहेतलं ते गार पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत राहिलेला खांब, चांगदेवांच्या तपाची आठवण. कोकणकड्यावर कर्नल साइक्सला दिसलेलं गोल इंद्रवज्र तुम्हाला दिसेलच असं नाही, त्याला समोर ढग आणि पाठीशी सूर्य एका वेळी लागतो. शनिवारी रात्री तिथं तंबूंची जत्रा भरते, म्हणून मधल्या वाराला पोचाल असं बघ. कड्याच्या टोकाशी फोटोसाठी कोणाला उभं राहू द्यायचं नाही, पालथं झोपूनच खाली डोकवायचं. पाचनईकडून चढताना डाव्या-उजव्या हाताला जो कचरा दिसेल तो उतरताना बरोबर आणा.

जीपवाल्याला आजच फोन कर आणि तिसऱ्या दिवसाची जीप रद्द कर. ते पैसे वाटाड्याला आणि कुमशेतच्या मुक्कामाला पुरतील, कमी पडले तर मला सांग. आईशी मी बोलतो. नवं वेळापत्रक रविवारच्या आत पाठव.

तुझा,
मामा