पिवळ्या फुलाचे दोन उन्हाळे

वाचकहो, या पानांत आपण रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी यांविषयी पुष्कळ वाचता. आज मी आपणांस एका परक्या रानफुलाचे बी कसे रुजते ते सांगणार आहे. आरोग्याचा विषय त्यात ओघाने येईलच.

इंग्रजीत या फुलाला ‘ब्लॅक-आइड सुझन’, म्हणजे काळ्या डोळ्यांची सुझन म्हणतात. आपल्याकडील रोपवाटिकांत याच नावाने नारिंगी फुलांची एक वेलही मिळते. ती मूळची आफ्रिकेची, थुनबर्जिया नावाची. ती ही नव्हे. मी म्हणतो ते फूल उत्तर अमेरिकेच्या माळरानांचे. सूर्यफुलाच्या कुळातले, गुडघा-मांडीएवढ्या उंचीचे, पिवळ्याधमक पाकळ्यांचे आणि मध्ये गर्द तपकिरी घुमट असलेले. मेरीलँड या राज्याने १९१८ साली ते आपले राज्यपुष्प ठरवले. तिथे मे महिन्यात घोड्यांची एक मोठी शर्यत होते. जिंकलेल्या घोड्याच्या पाठीवर याच फुलांची चादर घालायची, अशी तिथली प्रथा. अडचण एवढीच की मे महिन्यात हे फूल उमललेलेच नसते! म्हणून दुसरी पिवळी फुले आणावी लागतात, आणि एके काळी डेझीच्या मध्यभागी काळा रंग लावून वेळ भागवत असत.

त्याचे शास्त्रीय नाव रुडबेकिया हिर्टा. हिर्टा म्हणजे केसाळ. पानावरून बोट फिरवले की नाव पटते. पण डॉक्टरला रुचावा असा भाग पहिल्या शब्दात आहे. लिनियसने हे नाव उप्सालाच्या रुडबेक पितापुत्रांच्या स्मरणार्थ दिले. मुलगा वनस्पतिशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. त्याच्या मुलांची शिकवणी गरीब लिनियस विद्यार्थिदशेत करीत असे. आणि वडील ओलोफ रुडबेक यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास, ऐन विशीत, शरीरातील लसीकावाहिन्यांचे जाळे शोधून काढले. पाय सुजलेल्या रुग्णाला तपासताना ज्या वाहिन्यांचा विचार मी तीस वर्षे करीत आलो, त्यांच्या शोधकाचे नाव एका रानफुलाला आहे, हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर कळले.

साताऱ्याच्या माणसाला रानफुलांचे कौतुक शिकवावे लागत नाही. कासचे पठार आमच्या उशाशी आहे. पण या फुलाची भेट झाली ती लेकीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही उभयता बाल्टिमोरजवळच्या एलिकॉट सिटीत पोहोचलो. सौ.च्या सामानात डिंक, अळीव आणि बाळंतशेपा. माझ्या सामानात वाचायची पुस्तके. तिथे मी डॉक्टर नव्हतो, बाबा होतो. शेजारी एक वृद्ध, निवृत्त शिक्षिका राहत. त्यांच्या कुंपणालगत या फुलांचे वाळलेले घुमट उभे होते. त्यांतले चार-पाच त्यांनी कागदी पिशवीत घालून मला दिले आणि म्हणाल्या, “थंडीत यांना घराबाहेर ठेवा, लाड करू नका.”

ऑक्टोबरात नात झाली. सर्व काही सुखरूप. पहिल्या आठवड्यात लेक वारंवार रडत असे, त्याचे मला नवल वाटले नाही. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना तसे होते आणि पंधरा दिवसांत ते बहुधा ओसरते. हिचे ओसरले नाही. तिसऱ्या आठवड्यात रडणे थांबले, आणि ते मला अधिक काळजीचे वाटले. बाळ झोपले तरी ही झोपत नसे. एका पहाटे स्वयंपाकघरात बाटल्या उकळत असताना ती अगदी सपाट आवाजात म्हणाली, “बाबा, मला बाळाबद्दल काहीच वाटत नाही. मी हिला घेते, पाजते, पण मला काहीच वाटत नाही.”

हे मी तिच्या संमतीने लिहीत आहे. किंबहुना, “लिहा, आणि औषधे घेतली हेही लिहा,” असा तिचाच आग्रह आहे.

त्या दिवशी मी तिला एवढेच सांगितले की याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात, तो आजार आहे आणि तो बरा होतो. जावयांनी सकाळीच तिच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तिथे तिच्याकडून दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. एडिंबरोमध्ये तयार झालेली, १९८७ साली प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली आज जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आले का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, झोप लागली का, असे साधे प्रश्न. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. त्यापुढे तिने कोणती खूण केली हे मी विचारले नाही. तिनेच नंतर सांगितले. समुपदेशन सुरू झाले आणि अंगावर पाजतानाही घेता येईल असे औषधही.

आता बियांकडे येतो. हे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये तीन हजारांच्या वर मावतात. वाळलेला घुमट पांढऱ्या कागदावर चोळला की काळ्या काड्यांसारखे कण पडतात. भुसा हलकेच फुंकून काढावा. हे बी मातीखाली गाडू नये. त्याला रुजण्यासाठी प्रकाश लागतो. अर्धा सेंटिमीटर माती वर आली तरी ते रुसून बसते. वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरावे आणि तळहाताने नुसते दाबावे, म्हणजे मातीशी त्याचे अंग लागते. घरात वीस-बावीस अंश तापमानात एक ते तीन आठवड्यांत अंकुर येतात. थंड प्रदेशात मात्र हिवाळाभर बाहेर ठेवणे सोपे. ओल्या थंडीत काही आठवडे काढलेले बी वसंतात अधिक एकसारखे रुजते, आणि आपले कष्टही वाचतात.

त्यासाठी तिथले लोक दुधाचे रिकामे कॅन वापरतात. बाळंतिणीच्या घरी त्यांना काय तोटा! साधारण पावणेचार लिटरचा अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचा कॅन घ्यायचा. मुठीच्या खालून आडवा कापायचा, पण एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा. बुडाला पाणी निथळण्यासाठी भोके पाडायची, चार बोटे माती भरायची, बी पेरायचे, चिकटपट्टीने बंद करायचे आणि बूच काढून तो उघड्यावर ठेवायचा. पाऊस आणि हिम त्या तोंडातून आत जातात. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही असे सहा कॅन मागच्या अंगणात मांडले. माती भरण्याचे काम लेकीने केले. कॅनवर तारीख लिहितानाचे तिचे अक्षर शाळेत होते तसेच होते.

बी पेरल्याने नैराश्य बरे होते, असे मी म्हणणार नाही. डॉक्टराने असे म्हणू नये. उपचार उपचारांनी झाले. पण तिकडे डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसभर दिवे लावलेल्या घरात बाळंतीण कोंडून पडते. ‘जरा उन्हात जा’ म्हटले की ती जात नसे. ‘कॅनमधली माती सुकली का पाहून ये’ म्हटले की जाई. दहा मिनिटे का होईना, टोपी-मोजे घालून ती उजेडात उभी राही. पुढे ती आपण होऊन जाऊ लागली, आणि फेब्रुवारीत एकदा बाळाला छातीशी बांधून गेली. खिडकीतून ते पाहताना सौ. डोळे पुसत होती. मी वर्तमानपत्र वाचत असल्याचे दाखवत होतो.

अमेरिकेत साधारण आठ बाळंतिणींमागे एकीला हा त्रास होतो, असे तिथली सरकारी आकडेवारी सांगते. आपल्याकडे तो कमी आहे असे समजू नका. आपल्याकडे त्याला ‘नखरे’, ‘बाहेरचे’ किंवा ‘मुलगी झाली म्हणून’ अशी नावे पडतात, एवढेच. तेव्हा आपल्या घरी बाळंतीण असेल आणि पंधरा दिवसांनंतरही तिची उदासी, झोप उडणे किंवा बाळाविषयीचा तुटलेपणा टिकून असेल, तर डॉक्टरांना सांगा. १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर सरकारी समुपदेशक विनामूल्य, मराठीतूनही बोलतात. ती स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याविषयी बोलली, भलतेच भास होऊ लागले, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच क्षणी रुग्णालयात न्या, आणि तिला एकटी सोडू नका.

आम्हाला सहा महिन्यांच्या आत परतायचे होते. निघण्याच्या आठ दिवस आधी, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, दोन कॅनमध्ये मोहरीएवढी हिरवी पाने दिसली. उरलेल्या चारांत काहीच नव्हते. “बाबा, ते मेले का?” तिने विचारले. मी म्हटले, “थांब, एप्रिल येऊ दे.” एप्रिलमध्ये तेही रुजले, हे मला फोनवर कळले.

मे महिन्यात तिने रोपे एक-सव्वा फूट अंतराने जमिनीत लावली. तिथली माती तांबूस, चिकण. या झाडाला ती चालते, फक्त पाणी साचता कामा नये आणि दिवसाचे सहा तास ऊन हवे. खत घालू नये. सुपीक जमिनीत ते उंच वाढून लोळते. तिला मी दोन ताकिदी दिल्या. पहिली गोचिडीची. मेरीलँडच्या गवतांत लाइम रोगाची गोचीड असते. पायमोज्यांत विजार खोचावी, काम झाल्यावर काखा, जांघा, कानामागे पाहावे, आणि चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. पहिल्या दिवसातच निघाली तर धोका फार थोडा असतो. आपल्याकडे सिंधुदुर्गात माकडताप पसरवणारीही गोचीडच, तेव्हा काजूच्या बागांत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरी ताकीद हातमोज्यांची. या कुळातील वनस्पतींच्या रसाने काहींची त्वचा चिघळते. आमच्या दवाखान्यात याचा मोठा गुन्हेगार गाजरगवत. तेही अमेरिकेचेच आणि याच कुळातले. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात ते नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. ज्यांना गाजरगवताचे चट्टे उठतात, त्यांनी शेवंती, सूर्यफूल आणि रुडबेकिया यांनाही जपून हात लावावा.

आपल्याकडेही रुडबेकियाचे बी विकत मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कुंडीत पेरल्यास थंडीच्या हंगामात फुलते. मात्र हौसेने ते डोंगरांवर उधळू नये. टेकड्यांवर माजलेला पिवळा-नारिंगी कॉसमॉस पुणेकर रोज पाहतात. परदेशातून येताना बॅगेतून बी आणणेही कायद्याला धरून नाही. मी आणले नाही.

पहिल्या उन्हाळ्यात रोपांना फुले आली नाहीत. जमिनीला टेकलेला केसाळ पानांचा एक झुबका, बस्स. या झाडाची रीतच बहुधा तशी: एक वर्ष मुळे आणि पाने, दुसऱ्या वर्षी फूल. त्या वर्षी लेकीची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी झाली. घाई तिने केली नाही, आणि आम्हीही करू दिली नाही.

दुसऱ्या वर्षी जूनच्या अखेरीस एका रात्री तिने फोनवर चित्र दाखवले. पिवळ्या फुलांत दीड वर्षाची नात उभी होती आणि एकेक पाकळी ओढून काढत होती. आपल्याला त्या पाकळ्या सबंध पिवळ्या दिसतात, पण त्यांचा बुडाकडचा भाग अतिनील किरणे शोषतो. मधमाशीला तिथे गडद वर्तुळ दिसते आणि वाट सापडते. ते कोणत्या रंगद्रव्यांमुळे होते, हे अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७२ साली याच फुलावर दाखवून दिले. मी हे सगळे उत्साहाने सांगू लागलो तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, आधी नातीकडे बघा.”

सप्टेंबरात फुले वाळली. जावई ती कापायला निघाले होते, तिने अडवले. गोल्डफिंच नावाचे पिवळे पक्षी थंडीपर्यंत त्या घुमटांवर बसून बी टिपतात. त्यांनी सांडलेले बी तिथेच रुजेल. चार घुमट मात्र तिने काढून कागदी पिशवीत ठेवले आहेत. तिच्या कार्यालयातील एक मैत्रीण या महिन्यात बाळंत झाली आहे, तिला द्यायला.