जातीचा रकाना

प्रायमरी की शिकवत होतो, तेवढ्यात हेडक्लार्कनी विचारलं, "सर, आडनाव काय म्हणालात तुमचं? गाव कोणतं?"

सांगली जिल्ह्यातलं एक कॉलेज. ऑफिसातले अकरा जण समोर बसलेले. मी साताऱ्याहून पहाटेच्या एस.टी.नं कराडमार्गे जायचो आणि त्यांना अ‍ॅक्सेस शिकवायचो. आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. न विचारता वस्तीही सांगितली. दोघांनी माना खाली घातल्या.

"एका नावाची दोन माणसं असतात," मी पुढं चालू केलं. "म्हणून प्रत्येकाला वेगळा नंबर. तीच प्रायमरी की."

मग त्यांचंच विद्यार्थ्यांचं टेबल उघडलं. क्वेरी लावली : बौद्ध विद्यार्थी किती? पडद्यावर मोजकीच नावं आली.

मागनं शिपाईमामा बोलले, "आवं सर, एवढीच कशी? फारम मीच गोळा करतोय. लई पोरं हायती आपली."

जातीचा रकाना वाचत गेलो. कुठं बौद्ध, कुठं नवबौद्ध, कुठं हिंदू महार. कुठं कोराच. शाळेच्या दाखल्यावर एक, जातीच्या दाखल्यावर दुसरं, पोरगं तोंडानं सांगतंय तिसरं. जो कागद हाताला लागला तो क्लार्कनी उतरवला. बाबासाहेबांनी १९५६ ला धम्म दिला. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना धरायला १९९० उजाडलं. ती सगळी ओढाताण त्या एका रकान्यात साचलेली. क्वेरीला माणूस कळत नाही, अक्षर कळतं. अक्षर चुकलं की पोरगं यादीतून गळालं.

मित्रांनो, माझी एक वर्षाची शिष्यवृत्ती आलीच नव्हती. कारण कुणी सांगितलं नाही. बापानं उसाच्या फडात उचल घेतली. त्या पडद्यापुढं ते वर्ष आठवलं.

हेडक्लार्क म्हणाले, "आम्ही मुद्दाम नाही हो केलं." मला ते पटलं. भीती त्याचीच आहे. मुद्दाम न करताही आपण वगळले जातो.

धर्म, जात, प्रवर्ग असे तीन रकाने वेगळे केले. टाइप करायचं नाही, ठरलेल्या यादीतून निवडायचं. प्रवर्ग कोरा सोडला तर नोंद सेव्हच होणार नाही. दुपारभर सगळ्यांनी दाखले काढून नोंदी दुरुस्त केल्या. हेडक्लार्क स्वतः वाचून दाखवत होते. शेवटची क्वेरी मामांनी चालवली, एका बोटानं. पडदा भरून नावं आली. मामा एकेक नाव मोठ्यानं वाचत बसले.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० ला एका पोराचं नाव रजिस्टरात चढलं : भिवा रामजी आंबेडकर, नोंद क्रमांक १९१४. ती ओळ होती म्हणून पुढचं झालं.

मोर्चे काढाच. पण आपापल्या कॉलेजच्या ऑफिसात जा, आपलं नाव कोणत्या रकान्यात कसं लिहिलंय ते बघा. आणि ते यंत्र चालवायला शिका. जयभीम.