गरुडाच्या दीडशे प्रती

कागदावर छापलेल्या एका गरुडाला लाखो रुपये पडतात, हे आमच्या बोईसरच्या वस्तीत कोणाला सांगितले तर लोक हसतात. पण गोष्ट खरी आहे. अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने १९८३ साली नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांची दहा चित्रे काढली. त्यांत हत्ती, वाघ, काळा गेंडा, पांडा आहेत, तसेच बेडूक आणि फुलपाखरूही आहे. पांढऱ्या डोक्याचा गरुड त्यांतलाच. रंग सिनेमाच्या पोस्टरसारखे भडक. या प्रकाराला 'पॉप आर्ट' म्हणतात. राजे-महाराजे सोडून सूपचे डबे, बाटल्या, नटनट्या अशा बाजारातल्या गोष्टी तिने चित्रात आणल्या. या प्रत्येक प्राण्याच्या विक्रीसाठी १५० प्रती छापल्या आणि काही थोड्या चित्रकाराकडे व छापणाऱ्याकडे जादा राहिल्या.

आमच्या शेजारचा एक मुलगा स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात कामाला आहे. लग्नपत्रिका, जयंतीचे बॅनर, कंपन्यांचे स्टिकर छापतो. त्याने आम्हांला विचारले, "काका, आम्हीपण जाळीवरच छापतो. मग आमच्या शंभर पत्रिकांना चहापाण्याएवढी मजुरी आणि त्यांच्या एका कागदाला एवढे पैसे, असे का?"

प्रश्न रास्त होता. आम्ही पडलो बी. कॉम. झालेले कारकून. तेव्हा उत्तरही हिशेबानेच शोधले.

काम दोन्हीकडे सारखेच. चौकटीवर जाळीचे कापड ताणायचे, त्यावर उजेडाने घट्ट होणारा लेप द्यायचा, चित्राची फिल्म ठेवून उजेड दाखवायचा. पाण्याने धुतले की चित्राच्या जागी जाळी मोकळी होते. मग शाई ओतून रबराची पट्टी ओढायची. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. रंग सूतभर सरकला की कागद बाद. यात न्यूयॉर्क आणि बोईसर यांत काहीच फरक नाही.

फरक आहे तो पुढे. पत्रिका गिऱ्हाईक सांगेल तेवढ्या निघतात. गरुडाच्या प्रती किती, हे आधीच ठरते. प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने नंबर पडतो, म्हणजे ३७/१५० असा, आणि शेजारी चित्रकाराची सही. ठरलेला आकडा भरला की पुन्हा छापायचे नाही. ऑफिसातल्या पावतीपुस्तकाला नंबर असतात ते याचसाठी, मधे कोणी जादा पावती घुसडू नये म्हणून. म्हणजे किंमत कागदाला थोडी आणि दिलेल्या शब्दाला फार. जाळीवर ही चित्रे छापली रूपर्ट स्मिथ नावाच्या छपाईकाराने. जाणकारांच्या यादीत त्याचे नाव असते, पण जग ओळखते ते वॉरहॉलला. हे ऐकून मुलगा म्हणाला, "म्हणजे तिकडेपण आमच्यासारखेच!"

त्याच्या आईला मात्र हे पटेना. मुलाने कंपनीत लागावे, असे तिचे म्हणणे. "चित्राने चूल पेटत नाही, भाऊ," ती म्हणाली. कंत्राटी मजुराच्या घरातले ते बोलणे आहे. त्याला खोटे कसे म्हणावे? आम्ही तिला एवढेच सांगितले, की वॉरहॉलचा बापही मजूरच होता. आजच्या स्लोव्हाकियातल्या खेड्यातून पोटासाठी अमेरिकेत गेलेला. तो १९४२ साली वारला, पण या मुलाच्या शिक्षणासाठी त्याने पैसे गाठीला ठेवले होते. पोरगा शिकला आणि आधी जोड्यांच्या जाहिराती रंगवून पोट भरू लागला. मोठे नाव नंतर झाले.

आता त्या गरुडाचे ऐका. मलेरियासाठी आपल्या घरांत फवारायचे ते डी.डी.टी. तिकडे शेतांवर आणि दलदलींवर बेसुमार मारले गेले. ते पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडाच्या पोटात गेले. अंड्यांची कवचे पातळ होऊन आईच्याच वजनाने फुटू लागली. १९७२ साली अमेरिकेने डी.डी.टी.वर बंदी घातली, शिकारीवर कायद्याचा धाक बसला आणि २००७ साली हा गरुड धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला. चित्राने लोकांचे लक्ष वेधले, पण पक्षी वाचवला कायद्याने.

तारापूरच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रसायनाचे पाणी खाडीत गेले की जाळ्यात काय येते, हे मांगेला बंधूंना विचारावे. २०१६ साली त्यांच्या समाज परिषदेने हरित लवादाकडे दाद मागितली ती याच दुखण्यावर. आमच्या खाडीतल्या बोयटाचे चित्र नंबर घालून कोण छापणार?

चित्राला नाव नसणे म्हणजे काय, हे आपल्या पालघर जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक? वारली बायांनी पिढ्यान् पिढ्या लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला, पण नाव कोणाचेच राहिले नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे कागदावर, कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. पण त्याच माणसांची आणि जनावरांची नक्कल कपांवर, साड्यांवर बेसुमार छापली जाते. तिथे ना नंबर, ना सही. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा निदान नावाला कायद्याचा आधार आला.

मुलाने नोकरी सोडलेली नाही. आम्हीही तसा सल्ला दिला नाही. मालकाच्या परवानगीने एका रविवारी उरलेल्या शाईत त्याने दोन रंगांत बोयट छापला. प्रती फक्त वीस. एक आम्ही पन्नास रुपये देऊन घेतली. नंबर त्याने घातला, पण नाव घालायला लाजत होता. आम्ही म्हटले, "मस्टरवर रोज करतोस ना, तशीच कर." मग त्याने सही केली, आणि उरलेल्या एकोणीस प्रतीही आईने त्याच्यापुढे सरकवल्या.