चिंच, पितळ आणि बुद्ध

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घरांत माळ्यावरचं पितळ खाली उतरतं. समया, निरांजनं, ताम्हन, घंटा... सगळं परसात चिंचेच्या कोळात पडतं आणि दुपारपर्यंत सोन्यासारखं होऊन वाळत बसतं. या ढिगातून एक वस्तू मी दरवर्षी बाजूला काढतो. आणि दरवर्षी आई विचारते, "ह्यानं काय घोडं मारलंय रे? ह्याला आंघोळ नको?"

ती वस्तू म्हणजे वीतभर उंचीची शाक्यमुनी बुद्धाची पितळी मूर्ती. मुंडगोडहून आणलेली. मुंडगोड उत्तर कन्नड जिल्ह्यात, म्हणजे आपल्या शेजारीच. १९५९ नंतर तिबेट सोडून आलेल्या लोकांची तिथे मोठी वसाहत आहे, गांदेन आणि द्रेपुंग हे मोठे मठही तिथे नव्याने उभे राहिलेत. आईच्या हिशेबी बुद्ध हा दशावतारातला नववा, त्यामुळे त्याला देवघरात जागा मिळायला काहीच अडचण आली नाही. भांडण आहे ते फक्त चिंचेवरून.

मूर्ती नीट पाहिली की कळतं, तिच्यात उगीच असं काहीच नाही. डावा हात मांडीवर आणि त्यात भिक्षापात्र. उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटांची टोकं जमिनीला टेकलेली. ही भूमिस्पर्श मुद्रा. बोधीच्या रात्री माराने विचारलं, तुझ्या पुण्याईला साक्षीदार कोण? तेव्हा सिद्धार्थाने कुठल्या देवाला हाक मारली नाही, भुईला बोट लावलं. लांब कान हे राजपुत्रपणी घातलेल्या जड कुंडलांची खूण आणि ती आता रिकामी आहेत. डोक्यावरचा उंचवटा म्हणजे उष्णीष, भुवयांमधला ठिपका म्हणजे ऊर्णा. खाली कमळ, चिखलातून येऊन चिखल न लागलेलं.

आता हे सगळं किती बारीक कामात आहे बघा. बोटांची टोकं, पापणीची रेघ, पाकळीची कड. अशा मूर्ती परंपरेने मेणाच्या साच्यातून ओततात. मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, भाजून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. काठमांडूच्या खोऱ्यातल्या पाटणचे नेवार कारागीर हे काम शतकानुशतकं करत आलेत. त्यांच्या तांब्याच्या मूर्तींवर तर सोन्याचा पातळ मुलामा असतो आणि तिबेटी रिवाजात चेहऱ्यावर वेगळं सोनं रंगवतात. चिंच, लिंबू, आमसूल यांतलं आम्ल काळपटपणा खातं हे खरं, पण राखेने नाहीतर पावडरीने घासताना धातूही थोडा थोडा जातो. समईचं त्याने काही बिघडत नाही. पापणीचं बिघडतं.

हे मी आईला सांगितलं. तिने शांतपणे देवघरातली अन्नपूर्णा माझ्या हातात दिली. नाक नाही, डोळे नाहीत, पळीची नुसती खूण. "माझ्या सासूबाईंनी घासली, त्यांच्या सासूबाईंनी घासली. नाक गेलं म्हणून देव गेला काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही पुरतं नाही. संग्रहालयवाले म्हणतील की मूर्तीचं वय तिच्या काळवंडलेल्या कांतीत असतं. आई म्हणते ते तिच्या झिजण्यात असतं. दोन्ही जपणंच आहे.

वाट निघाली ती तिबेटी लोकांच्याच रिवाजातून. त्यांच्या विधीत मूर्तीला स्नान घालताना समोर आरसा धरतात आणि पाणी मूर्तीवर न ओतता आरशातल्या प्रतिबिंबावर ओततात. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "अरे, हे तर दर्पणस्नान! तसबिरीला असंच तर घालतात." हे तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती.

बाकीची निगा साधी आहे. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढायची, सुती कापडाने हलकेच पुसायचं. उचलताना बैठकीला धरायचं, डोक्याला किंवा हाताला नाही, कारण घामाचे ठसे धातूवर उठतात. गंध-कुंकू लावायचंच तर समोरच्या ताटलीत. आपल्याकडे खरा शत्रू आहे पावसाळा आणि खारा वारा. फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी दिसली तर ती साधी कळकण नव्हे, मिठातल्या क्लोराईडने धातू आतून खाल्ला जात असतो. तेव्हा घासत न बसता मूर्ती कोरड्या जागी, दुसऱ्या पितळेपासून वेगळी ठेवावी आणि जाणकाराला दाखवावी.

आणखी एक. मूर्तीचा तळ तांब्याच्या पत्र्याने बंद असतो, त्यावर दोन वज्रांची फुली कोरलेली. आत मंत्र लिहिलेल्या कागदांच्या सुरळ्या आणि मधोमध उभी लाकडी काठी, मूर्तीचा प्राण. आमच्या एका नातलगाला त्यात सोनं असेल असं वाटतं आणि तो पत्रा उचकटायला उत्सुक आहे. त्याला मी सोपाऱ्याची गोष्ट सांगतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याच्या करंडकाभोवती आठ धातूच्या मूर्ती निघाल्या. सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा यायचा आहे तो मैत्रेय. हजारएक वर्षं त्या अंधारात बसल्या होत्या. ज्यांनी त्या ठेवल्या त्यांना त्या कुणाला दाखवायच्या नव्हत्या, उजळायच्याही नव्हत्या. आत आहेत, एवढं त्यांना पुरे होतं.

आमच्या मूर्तीचा पत्रा अजून जसाच्या तसा आहे. तो तसाच राहावा, एवढंच मुलांना सांगून ठेवलंय.