पंचवीस भागांची प्रीती

पिंपळवंडीच्या एका घरी जपमाळ आटोपल्यावर विवाह ठरलेल्या लेकीने आग्रह केला, “फादर, एक भाग पाहूनच जा.” २०२३ सालची ‘हिडन लव्ह’ ही चिनी मालिका होती. भावाच्या मित्रावर शाळकरी वयापासून मनोमन जीव जडलेल्या मुलीची ही कथा २५ भागांत पुरी होते. चीनच्या प्रसारण नियामकाने तर २०२० साली मालिका ४० भागांपुढे नेऊ नयेत, असा आग्रह धरला. आम्हांस हे मनापासून रुचले. आपल्या दैनंदिन मालिका प्रेक्षक टिकेल तोवर लांबत जातात. जवळच्या नारायणगावच्या तमाशातला वगदेखील एका रात्रीत संपतो! (हे धर्मगुरूस कसे ठाऊक, ते वाचकांनी विचारू नये.)

मालिकेत अबोल नजरेला पुष्कळ अवकाश दिला आहे. त्यातील संयमही आम्हांस भावला. इतक्यात मुलगी हळूच म्हणाली, “फादर, यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलंच नाही.”

आम्हांस २०१३ साली झी मराठीवर सुरू झालेली ‘जुळून येती रेशीमगाठी’ आठवली. तीत विवाह आधी आणि प्रेम मागाहून. दुसऱ्यावर जीव असलेल्या मेघनाला आदित्य वेळ देतो. ते उदाहरण ओठांवर आले होते. पण वडिलांच्या आग्रहाखातर बोहल्यावर चढलेल्या मेघनाची कथा हिला सांगावी कशी? ख्रिस्तसभेच्या दृष्टीने वधूवरांची मुक्त संमती हाच विवाहाचा प्राण.

“तुला स्वतःला हा विवाह हवा आहे ना?” आम्ही विचारले.

तिने स्वयंपाकघराकडे पाहिले. आई भांडी लावीत होती. येत्या रविवारी मिस्सानंतर आम्ही तिला एकटीलाच भेटावयास बोलावले आहे.