दुसरा हात

गेल्या नवरात्रात पुण्याहून आलेल्या नातीने माझ्या हातावर एक इवलीशी बाटली ठेवली. मधासारखा तांबूस रंग, आणि बाटली हलविली की आत सोनेरी लहरी उठत. "आजी, हे तुझ्यासाठी. लावायचंच!" असा आदेश झाला. शासकीय सेवेत हयात घालवूनही हा आदेश मी महिनाभर प्रलंबित ठेवला.

इतरांच्या नखांशी मात्र माझा जुना परिचय. निवडणुकीच्या कामावर असताना कितीतरी जणींच्या डाव्या तर्जनीवर शाई लावली. १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी ही शाई. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट उजेडात काळे पडते आणि नखावरची खूण नख वाढून कापले जाईपर्यंत हटत नाही. काही खुणा त्याहूनही टिकतात.

माझ्या शाखेत अनुकंपा तत्त्वावर एक तरुण मुलगी लिपिक म्हणून रुजू झाली होती. वर्षभराने एके दिवशी ती नखांना चमकता रंग लावून आली. मी तिला बोलावून म्हटले, "कचेरीत हे शोभत नाही." "तुला शोभत नाही" असे मी म्हटले नव्हते, पण तिने तेच ऐकले आणि खरे सांगायचे तर मलाही तेच म्हणायचे होते. दुसऱ्या दिवशी तिची नखे कोरी होती. कामात शिस्त आली, याचे मला तेव्हा समाधान वाटले.

यजमानांना जाऊन आता चार वर्षे झाली. घरातील कोणीही मला काही सोडायला सांगितले नाही. मीच आपणहून एकेक सोडत गेले.

कार्तिकातल्या एका दुपारी रामबागेतल्या आमच्या घराच्या खिडकीशी बाटली घेऊन बसले. आधी जुन्या खोडीप्रमाणे तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली. ही चकाकी अभ्रकाची. त्याच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप असतो. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात, म्हणून बोट हलविले की रंगही हलल्यासारखा भासतो.

नातीने बजावले होते, एकच जाड हात देऊ नकोस. जाड थराला वरून साय धरते, आतला द्राव अडकतो आणि बुडबुडे येतात. पहिला हात पातळ दिला. तो फिका, काहीसा फसवा वाटला. तो सुकल्यावर दुसरा दिला आणि रंग उमटला. डावा हात बरा साधला. उजवीकडे कुंचला थरथरला आणि दोन बोटांची कातडीही रंगली. ती पुसता पुसता मला त्या मुलीची आठवण आली. तिनेही असेच कुठे खिडकीशी बसून, किती दिवसांनी मन करून, दुसरा हात दिला असेल.

एका जुन्या सहकाऱ्याकडून क्रमांक मिळवून संध्याकाळी तिला दूरध्वनी केला. प्रसंग सांगितला, क्षमा मागितली. तिला सारे आठवत होते. "तेव्हा फार लागलं होतं, मॅडम," ती म्हणाली. मला उत्तर सुचेना. मग मी माझ्या नखांविषयी सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"रंग कोणता आहे?" तिने विचारले.

मी खिडकीकडे वळले, बोटे उजेडात धरली आणि तिला नीट वर्णन करून सांगू लागले.