चौदा चाकू आणि एक पाळणा

माणसाला कशाचा नाद लागेल ते सांगता येत नाही. आमच्या शेजारच्या काकांना जुन्या कुलपांचा आहे, सासूबाईंना रिकाम्या बरण्यांचा, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांना चाकूंचा. चाकू म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले नव्हेत बरं का! हे खिशात बाळगायचे. मुठीवरचा खटका अंगठ्याने सरकवला की मुठीच्या तोंडातून पातं सरळ समोर बाहेर येतं. अमेरिकेत त्यांना ‘आउट द फ्रंट’, थोडक्यात ‘ओटीएफ’ म्हणतात. मागे एका मे महिन्याच्या सुट्टीत आईला घेऊन मी बहिणीच्या बाळंतपणासाठी टेक्ससमध्ये ह्यूस्टनला गेले, तेव्हा असे चौदा चाकू तिच्या घरात होते. तेरा कपाटात नि एक मेहुण्यांच्या खिशात.

बहिणीचं म्हणणं एकच. बाळ घरात यायच्या आत हे सगळं बाहेर गेलं पाहिजे. मेहुण्यांचं म्हणणं, इतकी वर्षं एकेक करून जमवलेलं मी का टाकून देऊ? दोघांनी दोन दिवस अबोला धरला. आई म्हणाली, “जावयाशी मी काही बोलायची नाही. तू बोल, तू शाळेत शिकवतेस.” जणू काही शाळेत मी चाकूच शिकवते! पण दिवस भरत आलेल्या बाईने रोज डोळ्यांत पाणी आणावं हेही मला बघवेना. तेव्हा ठरवलं, आधी ही वस्तू काय आहे ते नीट समजून घ्यावं, मग कुणाची बाजू घ्यायची ती घ्यावी.

मी नुसतं “दाखवा तरी” म्हटलं, तर मेहुणे हरखूनच गेले. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून त्यांनी सगळे चाकू ओळीने मांडले. मेहुणे कोल्हापुरात वाढलेले. लहानपणी हिंदी सिनेमात खलनायकाचा रामपुरी कटकट करत उघडला की थिएटरात शिट्ट्या पडायच्या, आणि घरी येऊन तसला आवाज तोंडाने जरी काढला तरी वडील कान धरायचे. त्या कटकटीची ओढ मनात राहून गेली म्हणाले. (ज्या रामपूरचा हा चाकू, तिथे २०२३ साली चौकात वीसेक फूट उंचीचा चाकूच उभा केला आहे. काळ कसा बदलतो पाहा!) टेक्ससमध्येसुद्धा बटणाच्या चाकूला २०१३ पर्यंत बंदी होती. ती उठल्यावरच मेहुण्यांनी पहिला चाकू घेतला. सगळं रीतसर, पावत्यांसकट.

या चाकूंत दोन जाती. एकेरी आणि दुहेरी. एकेरीत स्प्रिंग कायम दाबून ठेवलेली असते. बटण दाबलं की पातं जोरात सुटतं. पण आत घालायला मात्र दुसऱ्या हाताने दांडी ओढून स्प्रिंग पुन्हा चढवावी लागते. दुहेरीत एकच खटका. पुढे ढकलला की पातं बाहेर, मागे ओढला की आत, तेही एकाच हाताने. यात खरी कारागिरी अशी की चाकू मिटून खिशात असताना स्प्रिंगवर ताण नसतो. आपण खटका रेटतो तेव्हा आपल्याच अंगठ्याच्या जोराने ती ताणली जाते, आणि खटका टोकाला पोचला की पात्याची अडकण सुटून ते झेपावतं. शेवटचा थोडा पल्ला ते नुसत्या वेगावरच पार करतं आणि पुढच्या अडकणीत बसतं. वाटेत काही आडवं आलं तर पातं मध्येच थांबून सैल पडतं, मग ते ओढून पुन्हा जागेवर बसवावं लागतं. “म्हणजे बघा ताई, किती सुरक्षित!” मेहुणे म्हणाले. थांबतं म्हणजे टोचत नाही असं नव्हे, हे मी लगेच त्यांच्या कानावर घातलं.

त्या शनिवारी ते मला दुकानातही घेऊन गेले. साडीच्या दुकानात बसावं तसे आम्ही काउंटरपाशी तासभर होतो आणि दुकानदार काचेखालून एकेक नमुना काढत होता. मला पहिली गोष्ट कळली ती अंगठ्याची. हा खटका चांगलाच कडक असतो. असायलाच हवा, नाहीतर खिशात उघडायचा. पण दर चाकूचा कडकपणा वेगळा. रोज पोळ्यांची कणीक मळणारा नि फळ्यावर खडूने लिहिणारा माझा हात काही नाजूक नाही, तरी एका चाकूचा खटका मला दोन्ही अंगठे लावूनसुद्धा सरकेना. मूठ न बदलता एका अंगठ्याने जो पुढे-मागे सरकतो तोच आपल्या हाताचा. तो हातात धरूनच घ्यायचा. चित्रावर भाळून मागवायचा नाही.

दुसरं म्हणजे पातं बाहेर काढून चिमटीत धरून हलवून बघावं. किंचित हलतंच, कारण आत-बाहेर सरकायला फट लागते. अगदी महागातल्याचंही हलतं. पण खडखडत असेल तर खाली ठेवावा. आणि या हलण्यामुळेच हा चाकू जोराच्या कामाचा नव्हे. दोरी, टेप, पुठ्ठा, फार तर सफरचंद. लाल भोपळा आणि सुरण यांच्यापुढे आपल्या विळीची बरोबरी हा जन्मात करणार नाही. डबा उचकटायला वापरलात तर आतली नाजूक जुळणी बिघडलीच म्हणून समजा.

पोलादाची नावं ऐकून मला रसायनशास्त्राचा तास आठवला. स्वस्तातल्या चाकूंना बहुधा ‘डी-टू’ असतं. धार पुष्कळ टिकते, पण लिंबू चिरून तसंच ठेवलं की आपल्या लोखंडी विळीसारखे डाग धरतं. महागात ‘एम-३९०’ किंवा २०२१ साली आलेलं ‘मॅग्नाकट’, त्यांना गंजाची भीती फारशी नाही. पाती दुधारी, टोकदार, तिरक्या टोकाची, नाना तऱ्हेची. दुधारी दिसायला रुबाबदार खरं, पण खोक्याची टेप कापायला एकच धार लागते. वरच्या धारेवर नकळत अंगठा टेकला की संपलंच. शिवाय काही ठिकाणी दुधारी पात्याला कायदा निराळा. रोजच्यासाठी एकधारी, तीन इंचांच्या आतबाहेरचं पातं पुरे.

किंमत? चाळीस-पन्नास डॉलरपासून सुरुवात. आणि मायक्रोटेक म्हणून १९९४ साली निघालेली एक कंपनी आहे, तिच्या चाकूला काही शे डॉलर सहज पडतात. मी मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प बसले.

आता संग्रहाचं. संग्रहातला चाकू म्हणजे पैठणी. मूळ खोकं जपायचं, कागद जपायचे, धार लावायची नाही, खिशात घालायचा नाही. वापरला की किंमत उतरली. रोजचा चाकू म्हणजे सुती पातळ, त्याला ओरखडे पडायचेच. मेहुण्यांची गल्लत तिथेच होत होती. एक घेतला की चार दिवस खिशात मिरवायचे, मग त्याला चरा पडला म्हणून हळहळायचे, आणि नवीन घ्यायचे. असे चौदा झाले होते!

खिशातल्या चाकूचं तोंड उघडं असल्यामुळे आत कापसाची लव जाते आणि पातं नीट अडकेनासं होतं. त्यांचा एक तसाच रुसून बसला होता. हवा मारून लव काढावी आणि हलक्या तेलाचे दोनच थेंब सोडावेत. जास्त झालं की तेच तेल धूळ धरतं. मेहुण्यांकडे त्यासाठी भारी किमतीची इवलीशी बाटली होती. आई तिकडून म्हणाली, “शिवणाच्या मशीनचं तेल घाल की.” ते हसले. मग रात्री बाटलीवरचं वाचत बसले, आणि दुसऱ्या दिवशी मशीनचं तेल आलं.

हे सगळं ऐकून बहिणीचा मुद्दा काही सुटत नव्हता, आणि तो मला दिवसेंदिवस जास्त पटत चालला होता. ती म्हणाली, “ताई, आपण विळीच्या घरात वाढलो. विळीचं पातं दिसतं. रांगतं पोर तिकडे वळलं की सगळं घर ओरडतं. हा मिटलेला असताना टॉर्चसारखा दिसतो, खेळण्यासारखा. पोर याला घाबरणार कशाला?” चाकूविरुद्ध याहून चांगलं बोलणं मी वकिलाच्या तोंडूनही ऐकलं नसतं. आणि गंमत पाहा, अमेरिकेत या चाकूंविरुद्ध ओरड सुरू व्हायला हातभार लागला तो अशाच एका बायकांच्या मासिकाचा! ‘वुमन्स होम कम्पॅनियन’ या मासिकात नोव्हेंबर १९५० मध्ये ‘द टॉय दॅट किल्स’, म्हणजे जीव घेणारं खेळणं, असा लेख आला. त्यावर चर्चा झडल्या, सिनेमा-नाटकांतल्या टोळीवाल्या पोरांच्या हातात हे चाकू दिसू लागले, आणि १९५८ साली केंद्राने त्यांच्या राज्याराज्यांतल्या व्यापारावर बंदीचा कायदा केला. पाककृती नि विणकामाच्या पानांना कमी लेखणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

त्या कायद्यात एक सवलत मात्र आहे. ज्याला एकच हात आहे अशा माणसाला तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा असा चाकू जवळ बाळगता येतो. वाचलं तेव्हा नुसती मौज वाटली होती. मग बाळ घरी आलं. मुलगी झाली. तिसऱ्या आठवड्यात बघते तर बहीण डाव्या हातावर लेक घेऊन दाराशी उभी, पायाशी लंगोटांचं भलंमोठं खोकं, आणि उजव्या हातात नवऱ्याचा निळा चाकू! खाट्कन उघडला, टेप कापली, खाट्कन मिटला. मी ओरडलेच, “अगं, बाळ खाली ठेव!” तर म्हणते, “खाली ठेवलं की रडते. कात्रीला दोन हात लागतात, आणि मला सध्या एकच आहे.”

मेहुण्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला. पण मी तिथे ठाम राहिले. बाळ अंगावर असताना उघडं पातं नको म्हणजे नको, मग ते एका हाताचं असो की दोन. खोकं पळून जात नाही. आणि नुसती खोकीच फोडायची, तर आमच्या शाळेत हस्तकलेच्या तासाला सरकतं कटर असतं, त्याचंही पातं समोरूनच येतं, स्प्रिंग नाही, झेपावणं नाही, आणि दोन-तीन डॉलरला मिळतं. मेहुणे म्हणाले, “ताई, पण त्यात मजा नाही.” म्हटलं, बरोबर. मजा कपाटात ठेवा आणि काम कटरला सांगा. ते जरा वेळ गप्प राहिले. त्या घरात मला मिळालेलं सगळ्यांत मोठं यश ते.

निघताना त्यांनी एक छोटा चाकू माझ्यापुढे केला. “तुम्ही रात्रीच्या एसटीने येता-जाता, पर्समध्ये असू दे.” मी हात जोडले. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात निव्वळ घरकामाची सुरी शस्त्र धरत नाहीत, पण बटणाच्या चाकूची गोष्ट वेगळी. दिल्लीत तर १९८०च्या अधिसूचनेप्रमाणे पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असलं की परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा. आपल्या महाराष्ट्रातही पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे जे हुकूम निघतात, त्यांत चाकू घेऊन हिंडायला बंदी घालता येते. इंग्लंडमध्ये २०२१ पासून असा चाकू घरात ठेवायचीही सोय नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, घाबरलेल्या बाईच्या हातून चाकू हिसकावून घेणं कितीसं अवघड? एसटीत मी चालकाच्या मागच्या बाकावर बसते आणि घरी फोन चालू ठेवते. मला तेच बरं वाटतं.

शेवटी तोड निघाली ती अशी. आठ चाकू मेहुण्यांनी त्यांच्यासारख्याच नादिष्टांना विकले, त्या पैशांतून भिंतीत बसवायची पोलादी तिजोरी आली आणि उरलेले सहा तिच्यात गेले. तो निळासुद्धा. दाराजवळच्या उंच खुंटीला पिवळं कटर लटकतं. तिजोरीची किल्ली एकच, आणि ती बहिणीकडे. लेक आता घरभर धावते. रविवारी दुपारी ती झोपली की मेहुण्यांना किल्ली मिळते, दोन तासांसाठी. जुना टॉवेल अंथरतात, सहाही मांडतात, पुसतात, मिटतात. तेल अजून मशीनचंच आहे.